हार्डवेअर सॅम्पलर कोणता घ्यावा? नाशिकच्या वादकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतील ऑर्केस्ट्रा वादक, ढोलपथकांतील तरुण, भजनी मंडळांना साथ करणारे कीबोर्डवादक आणि घरच्या घरी बीट बांधणारे विद्यार्थी सॅम्पलरविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. आमची भूमिका आधीच सांगितलेली बरी: यंत्रात आवाज कोठून येणार आणि यंत्रातून तो कोठे जाणार, ही दोन टोके पक्की झाली की मधले यंत्र निवडणे फारसे अवघड राहत नाही. मेमरी, पॅडची (दाबून वाजवायच्या चौकोनांची) संख्या आणि स्क्रीनचा आकार यांची तुलना त्यानंतर करावी.

१. सॅम्पलर म्हणजे नेमके काय? सिंथेसायझरपेक्षा तो वेगळा कसा?

सिंथेसायझर आवाज स्वतः घडवतो. सॅम्पलर बाहेरचा आवाज साठवतो, कापतो आणि पॅड किंवा पट्टी दाबताच हव्या त्या स्वरात व लयीत परत वाजवतो. १९७९ साली ऑस्ट्रेलियात तयार झालेला फेअरलाइट सीएमआय हा या जातीच्या पहिल्या यंत्रांपैकी एक होता, पण तो सामान्य वादकाच्या आवाक्यातला नव्हता. आज ओळखीची वाटणारी सोळा पॅडची चौकट रूढ केली ती १९८८ च्या आकाई एमपीसी-६० ने, आणि त्याची रचना रॉजर लिन यांची होती. आजचे बरेच सॅम्पलर हीच चौकट वापरतात.

२. माझ्याकडे ऑक्टापॅड आहे. तोच सॅम्पलर नव्हे का?

बहुधा नाही. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत आणि बेंजो पार्ट्यांत वर्षानुवर्षे वाजणारा रोलँडचा एसपीडी-२०, म्हणजेच आपला नेहमीचा ऑक्टापॅड, हे काठीने वाजवायचे वाद्य आहे. त्यात कंपनीने भरलेले आवाज असतात आणि त्यांत फेरफार करता येतात, पण स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज त्यात भरता येत नाही. त्याच कंपनीचा एसपीडी-एसएक्स (२०११) दिसायला त्याच घरातला असला तरी तो खराखुरा सॅम्पलर आहे. त्यामुळे काठी हातातून सोडायची नसेल, तर प्रश्न ४ मधील यंत्रांकडे वळण्याआधी एसपीडी-एसएक्स किंवा त्याची २०२२ ची प्रो आवृत्ती पाहावी. लूप स्टेशन हा आणखी वेगळा प्रकार आहे: ते चालू वादनाचा थर साठवून फिरवत राहते, पण त्या थराचे तुकडे करून पॅडवर मांडणे हे त्याचे काम नव्हे.

३. लॅपटॉप असताना वेगळे यंत्र कशाला घ्यावे?

अनेकांना त्याची गरज नसते, आणि हे सांगताना आम्हाला संकोच वाटत नाही. संपादन, मिश्रण आणि साठवण या तिन्ही गोष्टी लॅपटॉपवर अधिक सोयीच्या होतात. यंत्र घेण्याचे खरे कारण हाताचे आहे: मर्यादित बटणे, ठरलेल्या जागा आणि सुरू करताच वाजायला तयार असणे. ही पद्धत आपल्याला मानवते का हे तपासायचे असेल, तर आधी फोनवर कोआला सॅम्पलर हे ॲप घेऊन काही आठवडे काम करून पाहावे. ते अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालते. त्यावर दोन-तीन गाणी पूर्ण होऊनही बोटांना खऱ्या पॅडची ओढ राहिली, तर खरेदीचा विचार करावा.

४. बाजारात इतकी नावे आहेत. मी कोणता घ्यावा?

याचे उत्तर नावावरून देता येत नाही, कामावरून द्यावे लागते. कॅसेट, फोन किंवा माइकवरून आवाज झटपट उचलायचे, त्यांवर हातानेच इफेक्ट फिरवायचे आणि लगेच वाजवायचे, अशी वृत्ती असेल तर रोलँडचा एसपी-४०४ एमके-टू (२०२१) आम्ही प्रथम सुचवतो. त्यातील ‘स्किप-बॅक’ या सोयीमुळे रेकॉर्डचे बटण दाबलेले नसतानाही शेवटचे सुमारे २५ सेकंद यंत्राजवळ शिल्लक असतात. रियाज करताना सहज निघून गेलेली जागा त्यामुळे परत पकडता येते. हे यंत्र सहा पेन्सिल सेलवर किंवा यूएसबी-सी पॉवर बँकेवर चालते, त्यामुळे वीज गेली तरी काम अडत नाही. मात्र लांबलचक, अनेक भागांचे गाणे त्यावर बांधणे हे चिकाटीचे काम आहे.

ताल, बास, सुरावट आणि मिश्रण यांसह संपूर्ण गाणे लॅपटॉपशिवाय उभे करायचे असेल, तर आकाईची एमपीसी मालिका पाहावी. एमपीसी वन (२०२०) टेबलावर ठेवून काम करणाऱ्यांसाठी पुरेशी आहे. त्याच वर्षीच्या एमपीसी लाइव्ह टूमध्ये बॅटरी आणि स्पीकर अंगचेच असल्याने फिरस्त्या वादकाला ती सोयीची पडते. यांची शक्ती मोठी आहे, पण टचस्क्रीनवरील पानामागून पाने ओळखीची होईपर्यंत धीर धरावा लागतो. संगणकावर काम केलेल्यांना ती लवकर जमते. ज्यांनी आयुष्यभर फक्त वाद्यच वाजवले आहे त्यांची सुरुवातीला चिडचिड होते.

इलेक्ट्रॉनिक संगीत करणारे बहुतेक जण एलेक्ट्रॉनच्या डिजिटॅक्टकडे ओढले जातात, आणि ते योग्यच आहे, कारण तालाच्या प्रत्येक पायरीवर (सारख्या छोट्या भागावर) आवाजाचे गुण वेगळे ठेवण्याची त्याची पद्धत फार प्रभावी आहे. २०१७ चा मूळ डिजिटॅक्ट फक्त मोनो सॅम्पल वाजवतो. २०२४ च्या डिजिटॅक्ट टूमध्ये स्टीरिओ आणि सोळा ट्रॅक आले. परंतु दोन्हींच्या बटणांना आघाताचा जोर कळत नाही. तबलजी किंवा ढोलकीवादक ज्या अपेक्षेने पॅडवर बोट टाकतो, ती अपेक्षा येथे पुरी होत नाही.

बजेट कमी असेल आणि खिशात माइकसकट काहीतरी हवे असेल, तर टीनएज इंजिनिअरिंगचा ईपी-१३३ (२०२३) पाहावा. किमतीची तुलना करण्यासाठी बाजारात येतानाचे अमेरिकेतील भाव उपयोगी पडतील: ईपी-१३३ चा २९९ डॉलर, एसपी-४०४ एमके-टूचा सुमारे ५००, एमपीसी वनचा सुमारे ७०० आणि डिजिटॅक्ट टूचा सुमारे १,००० डॉलर. भारतात आयात शुल्क आणि कर धरून रक्कम याहून वर जाते; याविषयी प्रश्न १२ पाहावा.

५. नावात ‘सॅम्पल’ आहे, पण बाहेरचा आवाज रेकॉर्डच होत नाही. यंत्र बिघडलेले आहे का?

नाही. कॉर्गचा व्होल्का सॅम्पल आणि एलेक्ट्रॉनचा मॉडेल:सॅम्पल्स ही दोन्ही यंत्रे सॅम्पल वाजवतात, पण माइक किंवा केबलवरून थेट आवाज घेत नाहीत. तो संगणक किंवा फोनवरून आत पाठवावा लागतो. जाहिरात वाचताना ‘ऑडिओ इनपुट’ आणि ‘सॅम्पलिंग’ या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे लिहिलेल्या आहेत का ते पाहावे. उलट बाजूही लक्षात ठेवावी: जुन्या एसपी-४०४ मध्ये अंगचा माइक होता, नव्या एमके-टूमध्ये तो नाही, त्यासाठी बाहेरचा माइक जोडावा लागतो.

६. मेमरी किती असावी?

१६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ दर्जाचा एक मिनिटाचा मोनो आवाज सुमारे ५.३ एमबी जागा घेतो आणि स्टीरिओ त्याच्या दुप्पट. तबला, ढोलकी, टाळ यांचे सुटे बोल एका सेकंदाच्या आतबाहेर असतात. असे शेकडो बोल ६४ एमबीमध्ये आरामात मावतात, म्हणून सुट्या आघातांवर काम करणाऱ्याने मेमरीची चिंता करू नये. ऑर्केस्ट्रातील मायनस ट्रॅकची (गायकाचा आवाज वगळलेल्या तयार साथीची) गोष्ट वेगळी: पाच मिनिटांचा एकच स्टीरिओ ट्रॅक सुमारे ५३ एमबीचा होतो. मूळ डिजिटॅक्टमध्ये एका प्रोजेक्टला ६४ एमबीच मिळतात, त्यामुळे तो या कामाचा नाही. येथे कार्डवरून थेट आवाज वाजवणारे यंत्र घ्यावे. १०१०म्युझिकचा ब्लॅकबॉक्स हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

७. जुन्या १२ बिट यंत्रांचा आवाज खरोखर वेगळा लागतो का?

वेगळा लागतो, आणि त्यामागे तांत्रिक कारण आहे. ई-म्यूचा एसपी-१२०० (१९८७) १२ बिटमध्ये, सुमारे २६ किलोहर्ट्झ वेगाने आवाज घेई, आणि एकूण जागा जेमतेम दहा सेकंदांची होती. म्हणून वादक मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर फिरवून रेकॉर्ड करत आणि यंत्रात तो तुकडा पुन्हा संथ करून वाजवत. जागा तर वाचेच, शिवाय या उलटसुलट प्रवासात आवाजाला एक खरखरीत धार येई, आणि पुढे तीच धार लोकांना हवीशी वाटू लागली. आज एसपी-४०४ सारख्या यंत्रांतील इफेक्टने तिच्या बरेच जवळ जाता येते. केवळ या एका गुणासाठी जुन्या यंत्राची संग्राहकी किंमत मोजणे आम्हाला पटत नाही.

८. नाशिक ढोलाचा आवाज रेकॉर्ड करून पॅडवर घ्यायचा आहे. प्रत्येक वेळी तो फुटतो. काय करावे?

हा प्रश्न गणेशोत्सवापूर्वी, पथकांचा सराव सुरू झाला की हमखास येतो. दोष बहुधा सॅम्पलरचा नसतो. टिपरूचा (ढोलाच्या काठीचा) ठोका क्षणार्धात प्रचंड उंची गाठतो आणि ताशा त्यावर सतत उच्च स्वरांची झड लावतो. इनपुटची पातळी सरासरी आवाजावर ठरवली, तर प्रत्येक ठोक्याचे टोक कापले जाते, आणि असे कापले गेलेले टोक नंतर कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. म्हणून पथकाला आधी सर्वांत जोरकस ठोका वाजवायला सांगावे, तो पूर्ण पातळीच्या ६ ते १२ डेसिबल खाली राहील असे इनपुट लावावे आणि मगच रेकॉर्डिंग सुरू करावे.

फोनवरील रेकॉर्डिंग शक्यतो टाळावे, कारण फोन आवाज आपोआप कमी-जास्त करतो आणि दोन ठोक्यांमधील जोराचा फरकच नाहीसा होतो. वेव्ह फाइल साठवणारा छोटा हातरेकॉर्डर या कामाला अधिक योग्य आहे; गोदाघाटासारख्या मोकळ्या जागी त्यावर वाऱ्यासाठी स्पंजाचे किंवा केसाळ आवरण हवेच. एक रेकॉर्डिंग ढोलापासून हातभर अंतरावरून घ्यावे आणि दुसरे सात-आठ पावलांवरून. जवळच्यात टिपरूची चटक मिळते, लांबच्यात थापीचा घुमारा. पॅडवर हे दोन्ही एकमेकांवर ठेवले की ढोल ‘मोठा’ वाटू लागतो. हे जुळवताना हेडफोन वापरावा, कारण खोलीतील लहान स्पीकरवर खालचा घुमारा ऐकूच येत नाही आणि माणूस तो विनाकारण वाढवत बसतो.

सॅम्पलरलाच थेट माइक जोडायचा असेल तर डायनॅमिक माइक घ्यावा. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो आणि टेबलावरचे बहुतेक सॅम्पलर तो देत नाहीत. त्यासाठी मध्ये मिक्सर लागेल. मिक्सरची केबल मात्र लाइन इनपुटमध्येच लावावी, माइक इनपुटमध्ये नव्हे. आवाज फुटल्याच्या कितीतरी तक्रारींचे मूळ या एका चुकीच्या भोकात असते.

९. तबल्याचे बोल भरले, पण ऐकताना यंत्र वाजते आहे असे वाटते. असे का?

पहिले कारण असे की डग्ग्यावर ‘घे’ घुमत असताना ‘क’ वाजवला तर घुमारा तिथेच थांबतो, पण सॅम्पलरला हे सांगितल्याशिवाय कळत नाही. दोन्ही बोल एकाच म्यूट ग्रुपमध्ये ठेवावेत, म्हणजे दुसरा बोल पहिल्याला गप्प करील. ही सोय एमपीसी आणि एसपी या दोन्ही मालिकांत आहे. दुसरे कारण पुनरावृत्ती: खरा तबलजी दोन ‘ना’ कधीच हुबेहूब सारखे वाजवत नाही, म्हणून प्रत्येक बोलाची तीन-चार रेकॉर्डिंगे घेऊन ती आलटून पालटून वाजतील अशी रचना करावी. तिसरे कारण पॅडला आघाताचा जोर न कळण्याचे आहे, त्याचा उल्लेख प्रश्न ४ मध्ये डिजिटॅक्टच्या संदर्भात आला आहे. डग्ग्याची मींड मात्र सुट्या सॅम्पलवरून समाधानकारक जमत नाही. तो पूर्ण तुकडाच रेकॉर्ड करून वापरणे शहाणपणाचे.

१०. सोळा पायऱ्यांच्या यंत्रावर रूपक किंवा झपताल बसतो का?

बसतो, फक्त पॅटर्नची (यंत्रात फिरत राहणाऱ्या ठेक्याच्या तुकड्याची) लांबी बदलता आली पाहिजे. एका मात्रेला चार पायऱ्या दिल्या तर रूपकाच्या सात मात्रांना २८, झपतालाच्या दहांना ४० आणि एकतालाच्या बारांना ४८ पायऱ्या लागतात. मूळ डिजिटॅक्टची कमाल लांबी ६४ पायऱ्यांची आहे, म्हणजे त्रितालाचे एक आवर्तन त्यात नेमके भरते. डिजिटॅक्ट टूमध्ये १२८ पायऱ्या असल्याने दोन आवर्तने घेता येतात. एमपीसीमध्ये सीक्वेन्सची मात्रा-विभागणीच बदलता येते.

केरव्याची झूल हा वेगळा विषय आहे. एमपीसीतील स्विंग (दर दुसरा ठोका किंचित मागे सरकवण्याची सोय) ५० ते ७५ टक्के चालतो. ५० म्हणजे अगदी सरळ आणि ६६ च्या आसपास तिहेरी चाल. भजनी ठेका यांच्या दरम्यान कोठेतरी डुलतो, आणि तोही ध्रुवपदात व अंतऱ्यात एकसारखा नसतो. आमचा अनुभव असा की आकडा शोधण्यापेक्षा क्वांटाइझ (ठोके आपोआप नेमक्या जागी सरकवण्याची सोय) बंद करून हाताने वाजवलेला ठेका भरणे अधिक लवकर होते. विलंबित लयीत काम करणाऱ्यांनी यंत्राची सर्वांत कमी लय तपासावी. ती मिनिटाला ४० ठोक्यांची असेल आणि आपली लय त्याहून संथ असेल, तर दुप्पट लय लावून दुप्पट लांबीचा पॅटर्न घ्यावा लागतो.

११. काळी एकचा तानपुरा भरला आहे. तोच पांढरी पाचसाठी वापरता येईल का?

नको. एक-दोन अर्धस्वर वर-खाली सरकवले तर चालते, पण त्यापुढे जवारीचा पोत बदलतो. साधा सॅम्पलर स्वर चढवताना वेगही वाढवतो, त्यामुळे तारा छेडण्याची लय बिघडते. टाइम-स्ट्रेचने लय सांभाळली तर आवाजात थरथर येते. नेहमी लागणाऱ्या प्रत्येक पट्टीचा तानपुरा वेगळा रेकॉर्ड करावा. किमान चार-पाच फेऱ्यांचा तुकडा घ्यावा आणि तो पुन्हा पुन्हा फिरवताना येणारा जोड खर्जाच्या तारेच्या छेडीआधी लपवावा.

१२. नाशिकमध्ये सॅम्पलर पाहायला मिळतो का? परदेशातून मागवणे स्वस्त पडेल का?

शहरातील वाद्यदुकानांत कीबोर्ड आणि ऑक्टापॅड सहज दिसतात. सॅम्पलर बहुधा मागवून घ्यावा लागतो. हात लावून पाहायचे असेल तर मुंबईच्या धोबी तलाव परिसरातील वाद्यदुकानांना आधी फोन करून यंत्र मांडलेले आहे का ते विचारावे; सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी परत येता येते आणि सीएसएमटीवरून ती दुकाने चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आपले हेडफोन आणि दोन-चार आवाज भरलेला फोन सोबत न्यावा, कारण कंपनीचे नमुना आवाज सगळ्याच यंत्रांवर छान वाजतात.

परदेशी किंमत पाहून हुरळून जाऊ नये. वाहतूक, सीमाशुल्क आणि कर मिळून फरक बराच कमी होतो, आणि भारतातील वॉरंटी मिळेलच असे नसते. जपानमधून आलेली जुनी यंत्रे १०० व्होल्टची आणि अमेरिकेतील १२० व्होल्टची असू शकतात. ती आपल्या २३० व्होल्टवर थेट लावली तर जळतात. अडॅप्टर बदलताना व्होल्टेजबरोबर पिनची ध्रुवताही जुळवावी, कारण अनेक संगीत उपकरणांत मधली पिन ऋण असते आणि बाजारातील साध्या अडॅप्टरमध्ये बहुधा धन.

१३. वापरलेले यंत्र घेताना काय तपासावे?

प्रत्येक पॅड हळू आणि जोरात दाबून पाहावा, प्रत्येक नॉब फिरवताना खरखर ऐकावी, आणि स्वतः एक आवाज रेकॉर्ड करून, तो कार्डवर साठवून, यंत्र बंद-चालू करून पुन्हा उघडावा. ही शेवटची पायरी विक्रेत्यासमोरच करावी. फ्लॉपी ड्राइव्ह असलेल्या जुन्या एमपीसीत यूएसबी ड्राइव्ह बसवलेला असेल, तर तो दोष नसून फायदाच समजावा.

१४. ऑर्केस्ट्रात ट्रॅक लोकांना आणि क्लिक (लय सांगणारी टिकटिक) फक्त ड्रमरला ऐकू जायला हवा. हे कसे साधावे?

स्वतंत्र आउटपुट असलेले यंत्र हा सरळ मार्ग आहे: ब्लॅकबॉक्स आणि एमपीसी लाइव्ह टू या दोन्हींत तीन स्टीरिओ जोड्या मिळतात, एमपीसी वनमध्ये एकच. एकाच जोडीवर भागवायचे असेल तर ट्रॅक मोनो करून डावीकडे आणि क्लिक उजवीकडे ठेवावा. सभागृहात याने फारसे बिघडत नाही. साउंडवाल्याला मात्र आधीच कल्पना द्यावी, नाहीतर तो सवयीने दोन्ही बाजू मिसळतो आणि पहिल्याच गाण्यात प्रेक्षकांना टिकटिक ऐकू येते. जनरेटरवर घरघर येत असेल तर मध्ये डीआय बॉक्स (यंत्र आणि मिक्सर यांमध्ये जोडायची, घरघर तोडणारी छोटी पेटी) लावावा आणि यंत्र लॅपटॉपच्या यूएसबीऐवजी पॉवर बँकेवर चालवून पाहावे.

१५. जुन्या मराठी गाण्यातील दोन-तीन सेकंद वापरले तर चालतात ना?

‘इतक्या सेकंदांपर्यंत मोकळीक’ असा नियम भारतीय कायद्यात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे संरक्षित असते; १९६० साली प्रसिद्ध झालेल्या मुद्रणाची मुदत २०२० अखेर संपली. पण खरी गुंतागुंत पुढे आहे: चाल आणि शब्द यांचा हक्क मुद्रणापासून वेगळा असतो आणि तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे मुद्रण मोकळे झाले तरी गाणे मोकळे झालेले नसते. घरच्या सरावाला कोणी अडवणार नाही, परंतु प्रसिद्ध करायच्या कामासाठी लेखी परवानगी हवी. प्रश्न ८ प्रमाणे पथकाचे वादन स्वतः रेकॉर्ड केले तरी वादकांचे हक्क उरतातच. वापर कशासाठी होणार हे सांगून त्यांची संमती आधी घ्यावी.

१६. कार्डवर फाइल दिसते, पण सॅम्पलरमध्ये उघडत नाही. का?

आधी नाव पाहावे: अनेक यंत्रे देवनागरी अक्षरे दाखवू शकत नाहीत, म्हणून ‘ढोल_थापी’ ऐवजी रोमन अक्षरांत छोटे नाव द्यावे. नंतर प्रकार पाहावा. व्हॉट्सॲपवरून आलेला आवाज किंवा फोनची दाबलेली फाइल आधी संगणकावर १६ बिट वेव्हमध्ये बदलावी लागते, आणि दाबताना गेलेला तपशील या बदलाने परत येत नाही. तरीही अडले तर कार्ड तपासावे: अनेक यंत्रांना ३२ जीबीपर्यंतचेच आणि फॅट-३२ पद्धतीचे कार्ड चालते, आणि ते शक्यतो सॅम्पलरमध्येच फॉरमॅट केलेले असावे. फॉरमॅट केल्यावर जुने सर्व पुसले जाते, त्यामुळे आधी संगणकावर प्रत काढून ठेवावी.